करिबाचा टायगर हवाय? आधी पाणी बघा!

भिगवणला चिलापी फ्राय खाल्लीय? उजनीच्या काठावर मिळणारी ही चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. त्यातली मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. झांबेझी नदीचं खालचं खोरं हे तिचं माहेर. याच झांबेझीवर, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर, गळ टाकणाऱ्यांची पंढरी आहे. तिचं नाव करिबा.

म्हणायचं तलाव, पण हे पाणी धरणाचं. धरण १९५५ ते १९५९ या काळात बांधलं गेलं. क्षमता सुमारे १८० अब्ज घनमीटर, म्हणजे उजनीसारखी पन्नासेक धरणं सहज मावतील!

गळाला काय लागेल?

हिरो अर्थातच टायगरफिश. अंगावर काळे पट्टे आणि तोंडाबाहेर डोकावणारे सुऱ्यासारखे दात. साधी दोरी तो कचकन तोडतो, म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा लावतात. जबडा हाडाचा, त्यामुळे गळ नीट रुतत नाही. हवेत उडी मारून डोकं झटकलं की गडी पसार! २००१ मध्ये इथे तब्बल १६.१ किलोचा टायगर सापडला होता. तुम्हाला तीन-चार किलोचा मिळाला तरी पार्टी करा.

दुसरा वुंडू, मोठ्या मिशांचा अवाढव्य मासा. त्याचं आवडतं आमिष ऐकून हसाल: कपडे धुवायचा साबण! आणि निवांत बसायचं असेल तर ब्रीम, म्हणजे आपल्या चिलापीचे भाऊबंद. बुडालेल्या झाडांच्या आसपास गांडूळ लावून बसायचं. फक्त पाण्यात हातपाय घालू नका, मगरी आहेत.

कधी जायचं?

जून-जुलैत तिकडे थंडी, टायगर सुस्त असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर बेस्ट. ऊन मरणाचं, पण पाणी तापलं की टायगर तुटून पडतो. इथली प्रसिद्ध टायगर स्पर्धा १९६२ पासूनची, तीही साधारण ऑक्टोबरमध्येच भरते.

खरा हिरो बोटाएवढा

या सगळ्याच्या मुळाशी आहे कापेंटा. हा इवलासा मासा १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून आणून इथे सोडला. टायगर त्याच्यावर पोसतो आणि काठावरची माणसंही. रात्री दिवे लावून त्याला जाळ्यात ओढतात, मग वाळवतात. आपल्याकडे सुकट-बोंबील, तसा तिकडे कापेंटा.

कापेंटा वाढतो नद्यांनी वाहून आणलेल्या पोषक द्रव्यांवर. पाऊस कमी, तर हे खाद्य कमी. वर काठालगतची उथळ जागा, जिथे ब्रीम अंडी घालतात, ती उघडी पडते. बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येऊन बोटींना धोका होतो तो वेगळाच. २०२२ च्या शेवटी विजेसाठी वापरता येणारा साठा ४ टक्क्यांच्याही खाली गेला. झिंबाब्वेत दिवसाचे १८-१९ तास लाइट नव्हती. २०२४ च्या दुष्काळात पुन्हा तीच गत. हौशी पाहुणा पुढच्या वर्षी येईल, पण कापेंटावर पोट असलेल्यानं काय करायचं?

म्हणून ट्रिप ठरवताना विमानाच्या तिकिटाआधी पाण्याची पातळी बघा. झांबेझी रिव्हर ऑथॉरिटी ती नियमित जाहीर करते. उजनी मायनसमध्ये गेलं की आपणही रोज आकडा बघतोच ना? तसंच.