मदत हा हक्क, उपकार नव्हे

‘मदत करणाऱ्याविरुद्धच तक्रार कशी करायची?’ स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशाळांत मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. तोही बैठक संपल्यावर, बाजूला घेऊन. धान्य, शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहातली जागा ज्याच्या शब्दावर मिळते, त्याच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे ताटातला घासच पणाला लावायचा.

हैतीमध्ये २०१० च्या भूकंपानंतर ‘ऑक्सफॅम’च्या काही कर्मचाऱ्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये जगासमोर आले. पण हे दूरदेशीचेच दुखणे नाही. पनवेलजवळच्या कळंबोलीतील बालगृहातले अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्या म्हसरूळ भागातील एका आधाराश्रमाच्या संचालकाला मुलींवरील अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली.

मग कायदा काय म्हणतो? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांपुरता आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. विश्वस्त संस्था आणि स्वयंसेवी संस्थाही त्यात येतात. बिनपगारी कार्यकर्तीलाही संरक्षण आहे. इतकेच नव्हे, तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट नाही. म्हणजे मदत घ्यायला आलेली बाईसुद्धा तक्रार करू शकते.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री असावी लागते, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा. संस्था लहान असेल किंवा तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे कामच आहे. नाव गुप्त राहते.

पीडित अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा लागू होतो. तिथे ज्याला माहिती कळली, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘संस्थेचे नाव जाईल’ ही सबब चालत नाही. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत.

माझी संस्थांना एकच विनंती आहे. समितीची यादी फायलीत ठेवू नका. जिथे मदतीची रांग लागते, तिथल्या भिंतीवर मराठीत लावा. आणि तक्रार केली म्हणून कुणाचे धान्य थांबणार नाही, हे त्याच रांगेसमोर मोठ्याने सांगा.