काटा खोटा, की टाकी रिकामी?

अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडकडे निघालेल्या मोटारचालकाचा समोरच्या फळीवरील पेट्रोलच्या काट्यावर पूर्ण भरवसा असतो. काटा निम्म्यावर आहे असे पाहून निश्चिंतपणे हाकलेली गाडी रात्रीच्या वेळी काशीदच्या अलीकडे निमूटपणे बंद पडावी, आणि त्या गाडीत रुग्णालयाकडे नेला जाणारा रुग्ण असावा, म्हणजे या लहानशा काट्याचे मोल कळून येते. याच्या उलटही घडते. दहा लिटर पेट्रोल भरूनही काटा जागचा हलत नाही, आणि मालकाचा पहिला संशय जातो तो पंपावरील नोकरावर. शब्दाने शब्द वाढतो, चार माणसे जमतात, एखाद्या गरिबाच्या प्रामाणिकपणाला डाग लागतो. वस्तुतः खोटे बोललेला असतो तो काटा.

या काट्याची रचना साधी आहे. टाकीत एक पोकळ तरंगी असते. तिला मेस्त्री ‘फ्लोट’ म्हणतात. पेट्रोलच्या पातळीबरोबर ती वरखाली होते आणि तिच्या दांड्याचे टोक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे विजेच्या मार्गातील रोध कमीजास्त होतो, आणि या रोधाप्रमाणे समोरचा काटा फिरतो. टाकीतील या सबंध जुळणीला ‘टँक युनिट’ म्हणतात. म्हणजे काटा पेट्रोल पाहत नाही; तो केवळ तारेवरून आलेला निरोप वाचतो. निरोप देणारा, नेणारा आणि वाचणारा या तिघांपैकी कोणीही चुकला, तरी दिसणारे उत्तर चुकीचेच असते.

रायगडच्या किनाऱ्यावर हा निरोप बिघडण्यास आणखी एक कारण असते. वीज टाकीच्या युनिटातून गाडीच्या सांगाड्यात उतरून आपले वर्तुळ पूर्ण करते. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. खाऱ्या वाऱ्यातील मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि या जोडणीवर गंज चढतो. वाळूत नेलेल्या गाडीच्या तळाला तर समुद्राचे पाणीच लागते. गंज म्हणजे मार्गात वाढलेला अनाहूत रोध. ज्या गाड्यांत रिकाम्या टाकीचा रोध अधिक असतो, त्यांचा काटा अशा वेळी असलेल्यापेक्षा कमी पेट्रोल दाखवतो; ज्यांची रचना उलट असते, त्यांचा काटा अधिक दाखवतो. यातला दुसरा प्रकार अधिक घातक होय.

दोष शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. गाडी प्रथम सपाट जागी उभी करावी. कार्लेखिंडीच्या चढावर काटा हलला तर तो दोष नव्हे, टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकलेले असते. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले, तर त्यांना वीज पुरवणाऱ्या सामाईक नियंत्रकाकडे आधी पाहावे. केवळ पेट्रोलचा काटा चुकत असेल, तर किल्ली बंद करून टँक युनिटची तार सोडवावी, ती सांगाड्याच्या स्वच्छ धातूला जोडावी आणि मग किल्ली फिरवावी. काटा एका टोकाकडे जाऊ लागताच किल्ली बंद करावी. तार मोकळी ठेवून किल्ली फिरवली असता तो दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही टोके गाठली गेली, तर मीटर आणि तार निर्दोष आहेत. दोष टाकीकडे आहे. काटा हललाच नाही, तर हीच परीक्षा मीटरच्या मागील बाजूस करावी. तेथे हलला तर मधली तार तुटलेली. तेथेही न हलल्यास मीटर किंवा त्याचा वीजपुरवठा सदोष.

टाकीकडे दोष ठरल्यावरही नवे युनिट लगेच विकत घेऊ नये. युनिटच्या धातूपासून सांगाड्यापर्यंत एक तात्पुरती तार जोडावी. काटा ताळ्यावर आला, तर गंजलेली जोडणी घासून स्वच्छ करण्यावर काम भागते. काटा सदैव रिकामी टाकी दाखवत असेल, तर तरंगीला छिद्र पडून ती बुडालेली असू शकते. ठरावीक पातळीवरच तो उड्या मारत असेल, तर वेटोळे त्या जागी झिजले आहे असे समजावे. मात्र टाकी उघडण्याचे काम जाणत्या मेस्त्रीकडेच सोपवावे, कारण पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. आजच्या संगणकनियंत्रित गाड्यांत तार सांगाड्याला लावण्याची परीक्षा करूच नये. तेथे तपासणी यंत्राचाच आधार घ्यावा.

उपकरणावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घेण्याचा धडा अलिबागच्या मातीत फार पूर्वीच गिरवला गेला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकीय उपकरणे बिघडतील हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ साली तेथील नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले गेले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून आकड्यांचा मेळ घातला गेला, आणि मगच जुन्या जागेचा निरोप घेण्यात आला. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तेव्हा नोंदींची परंपरा अखंड राहिलेली होती.

एका मापाची खात्री दुसऱ्या मापाने करावी, हे ते तत्त्व. पंपावरील मापाबद्दल शंका आल्यास शासनाच्या शिक्क्याच्या पाच लिटर मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो त्याने शांतपणे वापरावा. दर खेपेला भरलेले पेट्रोल आणि धावलेले किलोमीटर वहीत टिपून ठेवणे हाही एक दुसरा साक्षीदारच. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी जहाजातून येऊ लागल्या आहेत, आणि किनाऱ्याच्या रस्त्यांवरील वर्दळ वाढली आहे. अशा वेळी काटा चुकला म्हणून सबंध मीटर बदलून हजारोंचा खर्च सोसायचा, की गंजलेली एक जोडणी घासून पाहायची, हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. परीक्षेवाचून यंत्र बदलणारा माणूस परीक्षेवाचून माणसालाही दोषी ठरवतो. काट्याकडे बोट दाखवण्याआधी तार तपासावी, आणि माणसाकडे बोट दाखवण्याआधी काटा.