प्रौढ डॅशहंड घरी आणताना

कुत्रा पाळायचा म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिल्लूच येते. डॅशहंडच्या बाबतीत तर विचारायलाच नको! लांबट अंग, आखूड पाय आणि चेहऱ्यापेक्षा मोठे वाटणारे कान पाहून घरातली मुले हट्ट धरतात आणि मोठ्यांचाही विरोध मावळतो. परंतु ब्रीडरकडे पिल्लांखेरीज आणखीही काही श्वान असतात, ज्यांची जाहिरात सहसा होत नाही. पैदाशीतून निवृत्त केलेल्या चार-सहा वर्षांच्या माद्या, प्रदर्शनासाठी राखून ठेवलेले पण दातांची ठेवण बिघडल्यामुळे किंवा एक अंडकोष न उतरल्यामुळे बाद ठरलेले नर आणि 'जमत नाही' म्हणून कुणीतरी परत आणून दिलेले प्राणी. पिल्लाच्या मागे धावणे ज्यांना शक्य नाही, अशा कुटुंबांनी या प्रौढ श्वानांचा विचार जरूर करावा. मात्र तो डोळसपणे करावा.

प्रौढ कुत्रा घेण्याचा मोठा लाभ असा, की तो जसा व्हायचा तसा झालेला असतो. त्याचे आकारमान, स्वभाव, दृष्टी आणि श्रवण हे सारे प्रत्यक्ष पाहून घेता येते. ठिपकेदार, म्हणजे 'डॅपल' रंगाच्या नर-मादीचा संकर केल्यास काही पिल्ले बहिरी वा दृष्टिहीन निपजतात. डॅपल प्रौढ घेताना टाळी वाजवून पाहता येते, तेवढी सोय पिल्लात नसते.

आता चिंतेची बाजू. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा एक प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. (आपल्याकडे सर्रास 'डॅशहाउंड' म्हणतात. खुद्द जर्मनीत मात्र त्याला 'डाकेल' किंवा 'टेकेल' म्हणतात.) बिळात शिरून शिकार करता यावी, म्हणून पिढ्यानपिढ्या निवडून जोपासलेले ते आखूड पाय हेच या जातीचे दुखणे ठरले आहे. या ठेंगणेपणामागे एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत असल्याचे २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले. तशीच आणखी एक प्रत मणक्यांमधील चकत्यांच्या ऱ्हासाशी निगडित असल्याचे २०१७ मध्ये आढळले. या कुत्र्यांच्या चकत्या लहान वयातच कडक होऊ लागतात. पुढे एखादी चकती अचानक फुटून मज्जारज्जूवर दाब आणते आणि सकाळी बागडणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय ओढू लागतो. साधारणपणे दर चार-पाच डॅशहंडपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि तो बहुधा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान! म्हणजे निवृत्त डॅशहंड आपल्या घरी येतो, तो नेमका याच वयात.

म्हणून ब्रीडरला पहिला प्रश्न रंगाचा वा वंशावळीचा न विचारता पाठीचा विचारावा. याला कधी पाठीचा त्रास झाला होता का? याच्या आई-बापांना, भावंडांना? नॉर्डिक देशांत पैदाशीपूर्वी क्ष-किरण तपासणी करून कडक झालेल्या चकत्या मोजण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ती सहसा आढळत नाही, तेव्हा आपल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घेण्याची मुभा मागावी. ती नाकारणाऱ्याकडून प्राणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मादी किती वेळा व्याली, सिझेरियन झाले होते का, हेही विचारावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि अठरा महिन्यांच्या आतील मादीपासून पैदास करता येत नाही. या प्रश्नांवर चिडणारा ब्रीडर उत्तर न देताही बरेच काही सांगून जातो. मादीची नसबंदी झालेली नसेल, तर ती उरकून घ्यावी. वाढत्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका खरा आहे.

घरातही थोडे बदल करावे लागतात. गुळगुळीत फरशीवर सतरंजी वा रबरी पट्ट्या अंथराव्यात. दिवाणावरून उडी मारण्याची सवय लागू न देता छोटा उतार ठेवावा, जिन्यावर उचलून न्यावे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागील भागाखाली हवा. काखेत धरून लोंबकळत ठेवणे घातक. गळपट्ट्यापेक्षा छातीचा पट्टा बरा. आणि वजन! पोळीचा तुकडा, बिस्किट, दुपारची साय असे करत एखादा किलो सहज वाढतो. दहा किलोच्या कुत्र्याला तो फार होतो. मागचे पाय लडखडले, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. पायांतील संवेदनाच गेली असेल, तर शस्त्रक्रियेसाठी हाताशी तासच असतात.

केनेलमध्ये वाढलेल्या प्राण्याला कुकरची शिटी, लिफ्ट, दारावरची घंटा हे सारे नवे असते. चार वर्षांचा असूनही त्याला घरात शू करू नये हे ठाऊक नसेल, तर तो त्याचा दोष नव्हे. दर दोन-तीन तासांनी बाहेर नेणे, हाच उपाय. पहिले काही दिवस तो कपाटामागे दडून बसेल, जेवणार नाही. ओढून बाहेर काढू नये. वाटी ठेवून आपण आपल्या कामाला लागावे. सराव होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर तो परत करावा लागल्यास ब्रीडर घेईल, हे कागदावर लिहून घेतलेले असावे.

भुंकणे मात्र फारसे कमी होणार नाही, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. आणि बिळात शिरण्याची उपजत ओढही जात नाही. एकदा रुळला, की तो पांघरुणाखाली जाऊन झोपू लागतो. पलंगावर बसण्यापूर्वी पांघरूण चाचपून पाहण्याची सवय घरातल्या सर्वांनीच लावून घ्यावी.