प्रिंटरचा पत्ता

बोनाफाइड दाखल्यासाठी कचेरीच्या खिडकीपाशी ताटकळत असता "प्रिंटर चालत नाही, उद्या या" हे शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर पडले असतील. त्यातच शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असला, तर त्या "उद्या"ला काही अर्थ उरत नाही. मी फावल्या वेळात शाळा, पतसंस्था, वकिलांच्या कचेऱ्या अशा ठिकाणी प्रिंटर जोडून देतो. यंत्रच बिघडल्याचे प्रसंग माझ्या पाहण्यात थोडे; यंत्र धडधाकट असून संगणकांना ते सापडत नाही, असेच पुष्कळदा आढळते.

एक महागडे यंत्र अनेकांनी मिळून वापरावे ही कल्पना जुनीच. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७१ साली लेझर प्रिंटर सिद्ध केला, आणि पुढे तो तिथल्याच ईथरनेटच्या जाळ्याला जोडला गेला. लहान कचेऱ्यांत मात्र अजून वेगळीच रीत दिसते. प्रिंटर यूएसबी वायरीने हेडक्लार्कच्या संगणकाला जोडायचा आणि इतरांनी त्या संगणकामार्फत छापायचे. हेडक्लार्क रजेवर गेले, त्यांचा संगणक बंद राहिला, की सारी कचेरी खोळंबते. शिवाय २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेला दोष उघडकीस आला, आणि त्यानंतर असे सामायिक प्रिंटर जोडण्यावर मायक्रोसॉफ्टने निर्बंध घातले. तेव्हा प्रिंटर सरळ राउटरलाच जोडावा. जमल्यास वायफायऐवजी केबलने.

पण खरी गोम पुढेच आहे. राउटर हा धर्मशाळेच्या मुनिमासारखा असतो. येईल त्याला रिकामी खोली ठरावीक मुदतीपुरती देतो. प्रिंटरला आज १९२.१६८.१.५ हा पत्ता मिळाला. मग दिवाळीच्या सुट्टीत प्रिंटर बंद राहिला, मुदत सरली, आणि ती खोली कुणाच्या तरी मोबाइलला गेली. सुट्टीनंतर प्रिंटरला दुसरी खोली मिळते. संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारीत बसतात आणि पडद्यावर "ऑफलाइन" अशी अक्षरे उमटतात. मग कुणी ड्रायव्हर नव्याने घालतो, कुणी टोनर बदलतो. नाहक खर्च!

उपाय साधा आहे. प्रत्येक प्रिंटरला कारखान्यातूनच मॅक नावाचा एक क्रमांक मिळालेला असतो. प्रिंटर स्वतःच्या माहितीचे एक पान छापून देतो, त्यावर तो सापडतो. राउटरमध्ये तो नोंदवून "या क्रमांकाला हाच पत्ता" असे राखून ठेवावे. प्रिंटरमध्येच कायमचा पत्ता लिहिण्याचीही सोय असते, पण मला ती पसंत नाही. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि नव्या राउटरचे पत्ते १९२.१६८.०. ने सुरू होऊ लागले, तर जुना पत्ता धरून बसलेला प्रिंटर वाळीत पडल्यासारखा होतो. नंतर प्रत्येक संगणकावर प्रिंटर जोडताना विंडोज स्वतः शोधून देईल त्यावर न विसंबता, "टीसीपी/आयपी" हा प्रकार निवडून राखलेला पत्ता हाताने घालावा.

जाता जाता आपल्या दुभाषी भागापुरते एक सांगतो. श्रीलिपीतली मराठी किंवा नुडीतली कन्नड सूचना दुसऱ्या संगणकावरून छापली की अगम्य चिन्हे उमटतात, आणि बोल मात्र प्रिंटरला लागतो. वास्तविक त्या संगणकावर तो टंकच नसतो. मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, नाहीतर मूळ संगणकावरच पीडीएफ करून मग पाठवावा.

आणि प्रिंटरचा पत्ता व मॅक क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पाठीला चिकटवावी. राउटर बदलायला येणारा माणूस हेडक्लार्कांना विचारीलच असे नाही.