धातुशोधक किती खोल ऐकतो?

2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून शिरून शरीरातच अडकली. ती नेमकी कोठे आहे हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षे होती. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीला आले. तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडून त्यांनी धातू ‘ऐकणारे’ यंत्र बनवले. आधीच्या चाचण्यांत ते यंत्र गोळी बरोबर दाखवत होते. 1 ऑगस्टला मात्र राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवले, तर जिकडे तिकडे अस्पष्ट आवाज येऊ लागला. असे का झाले असेल?

उत्तर शोधण्याआधी यंत्राचे काम समजून घेऊ. आजच्या हौशी धातुशोधकाच्या तबकडीत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ नाणे असेल तर त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि यंत्र वाजते.

म्हणजे संकेताला जाऊन परत यावे लागते. वेटोळ्यापासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, परतीच्या वाटेवर पुन्हा तसेच घटते. म्हणून दूरच्या लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले, तर संकेत आठ गुणिले आठ, म्हणजे सुमारे 64 पटींनी कमी होतो! साधे यंत्र नाण्याच्या बाबतीत वीतभर खोलीच्या आसपास का थकते, हे यावरून लक्षात येईल.

मग यंत्राची संवेदनक्षमता वाढवली तर? इथेच पुष्कळांची फसगत होते. माती स्वतःही संकेत देते. एक प्रयोग करून पाहा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मातीतून किंवा नदीच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे कण चिकटतील. त्यांत बरेचसे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड असते. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात ते आहेच. संवेदनक्षमता वाढवली की नाण्याच्या संकेताबरोबर या कणांचा गोंगाटही तितकाच वाढतो. बाजारात कुजबुज ऐकायची असेल तर कानाला कर्णा लावून काय उपयोग?

म्हणून खोली मिळवायची ती गोंगाट कमी करून. धातू नसलेल्या जागी तबकडी वरखाली हलवून आवाज स्थिर होईपर्यंत यंत्र जुळवून घ्यावे, म्हणजे मातीचा संकेत वजा होतो. यंत्र उगाच कुरकुरत असेल, तर संवेदनक्षमता थोडी कमी करावी. तबकडी जमिनीलगत, समांतर आणि सावकाश फिरवावी. 20 सेंमी व्यासाच्या वेटोळ्यापासून नाणे 15 सेंमीऐवजी 20 सेंमीवर गेले, तर हिशेबाने संकेत जेमतेम पाव उरतो. हात पाच सेंमी उचलला गेल्याची किंमत एवढी मोठी असते! मोठी तबकडी मोठ्या वस्तू अधिक खोलवर पकडते, पण ती मातीही जास्त ‘पाहते’ आणि बारीक वस्तू तिच्याकडून निसटतात. खिळ्यांनी भरलेल्या जागेत लहान तबकडीच बरी.

आता बेलकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी त्यांना कळले, की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. गोंगाट कदाचित तिचा असावा. शिवाय मुख्य डॉक्टरांनी गोळी उजवीकडेच आहे असे धरून फक्त त्याच बाजूला शोध घेऊ दिला होता. 19 सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे सापडली. यंत्रात दोष नव्हता. भोवतालचा विचार राहून गेला आणि शोधण्याची जागा आधीच ठरवून टाकली गेली.

हाच विचार वस्तू सापडल्यावरही हवा. नोव्हेंबर 1992 मध्ये इंग्लंडमधील हॉक्स्न या गावी एक हौशी शोधक शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता. त्याला रोमन नाणी लागली. सगळे उकरून काढण्याऐवजी त्याने खोदणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले, सुमारे 15,000 नाणी मिळाली आणि ती पेटीत कशी रचली होती तेही समजले. आपल्याकडेही 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तू जागेवरून हलली, की तिच्या भोवतालची माहिती कायमची पुसली जाते. ती मग कोणत्याही यंत्राला ऐकू येत नाही.

आणि हो, तो हातोडाही सापडला. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.