रुग्णालयातील बालक आणि अंगाईचा स्वर

रुग्णालयात दाखल झालेल्या लहान बालकास व्याधीइतकीच परिस्थितीही पीडा देते. घर सुटलेले असते, भोवतालची माणसे अनोळखी असतात आणि टोचण्याचे कारण सांगून समजण्याचे त्याचे वय नसते. अशा वेळी केवळ शब्दांनी त्याची समजूत घालणे बहुधा निष्फळ ठरते. गाण्याचे तसे नाही. त्याचा परिणाम अर्थबोधावर अवलंबून नसतो.

मॉन्ट्रियल येथील संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. वर्षाच्या आतील अर्भकांना त्यांनी अपरिचित अशा तुर्की भाषेतील गाणे व बोलणे ऐकविले. गाणे ऐकताना मुले सुमारे नऊ मिनिटे शांत राहिली. बोलणे ऐकताना मात्र चारएक मिनिटांतच ती रडकुंडीस आली.

याचे कारण गीताच्या ध्वनिरचनेत शोधावे लागते. अंगाईत लय संथ, स्वर दीर्घ आणि तोच चरण पुनःपुन्हा येणारा असतो. मराठीतील ‘जो जो’ या अक्षरांना कोशगत अर्थ फारसा नाही. परंतु पुढे कोणता ध्वनी येणार हे बालकास आधीच उमगते. जेथे पुढच्या क्षणी काय होईल याचा भरवसा नाही, तेथे ही निश्चितीच दिलासा होय.

अमेरिकेतील ११ रुग्णालयांत २७२ अकालजात अर्भकांवर केलेल्या अभ्यासात (२०१३) प्रत्यक्ष गाइलेल्या अंगाईने हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले. आईबापांनी आपल्या आवडीचे गीत निवडले असता त्यांच्या स्वतःच्या मनावरील ताणही उतरला. यंत्रांनी वेढलेल्या अपत्यासाठी आपणांस काहीच करता येत नाही, ही पालकांची असहायता त्यामुळे कमी होते, हे लहानसहान नव्हे.

तथापि संगीत म्हणजे औषध नव्हे. कॅनडातील एडमंटन येथे ३ ते ११ वर्षांच्या ४२ मुलांना शिरेत सुई घालताना संगीत ऐकविले असता वेदनेची वाढ कमी दिसली. एकंदर व्याकुळतेतील फरक मात्र निर्णायक ठरला नाही (२०१३). म्हणून वेदनाशामक उपचारांस संगीताची जोड द्यावी, त्यांच्या जागी ते योजू नये. आवाज हळू असावा. बालकाने तोंड फिरविल्यास थांबावे. गळा गोड असण्याची अट नाही. परिचित कंठ पुरेसा आहे.