चाकांवरचे घर आणि पवनेचे पाणी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत तुकाराम महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते आणि दुसऱ्या दिवशी ती निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या दिवशी निगडीच्या रस्त्यावर टाळमृदंगाबरोबरच आणखी एक दृश्य दिसते. प्रत्येक दिंडीचा एक ट्रक असतो. त्यात राहुट्या, कढया, शेगड्या, शिधा आणि वारकऱ्यांच्या वळकट्या नीट रचलेल्या असतात. दिंडी मुक्कामाला पोचण्यापूर्वीच हा ट्रक पुढे जातो, पाले उभी राहतात, चुली पेटतात आणि पहाटे सारे पुन्हा ट्रकात जाते. घर बरोबर घेऊन प्रवास करण्याची ही रीत महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. मिठाच्या गोण्या बैलांवर लादून चालणारा बंजाऱ्यांचा तांडा आणि घोड्यावर बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरणारे धनगर हे त्याच रीतीचे जुने वारस होत.

नवी आहे ती या रीतीची हौस. झोपण्याची फळी, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली मोटारगाडी भाड्याने घ्यावी, डोंगरदऱ्यांत हिंडावे, मन रमेल तेथे थांबावे, ही कल्पना गेल्या काही वर्षांत इकडे रुजू लागली आहे. इंग्लंडात तिचा आरंभ १८८५ सालचा मानतात. त्या वर्षी डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने केवळ भटकंतीसाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तीत बसून तो स्कॉटलंडपर्यंत हिंडून आला. उपजीविकेसाठी फिरणाऱ्यांचे वाहन अशा रीतीने सुखवस्तूंच्या रजेचे वाहन झाले.

निगडीचा या गोष्टीशी संबंध केवळ प्रवाशापुरता नाही. लगतच्या आकुर्डीत ज्या कंपनीचा कारखाना आहे, तिने १९५८ पासून जर्मन परवान्यावर गाड्या बनविल्या. ‘टेम्पो’ हे तिच्या गाडीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. १९७० च्या दशकात तिची मॅटाडोर रस्त्यावर दिसू लागली आणि चाळीतली चार बिऱ्हाडे मिळून अष्टविनायकाला जाऊ लागली. स्टोव्ह, डबे, सतरंज्या यांसह निघालेली ती मॅटाडोर म्हणजे गरिबाघरची घरगाडीच म्हणावयास हरकत नाही. १९८७ मध्ये आलेल्या ट्रॅव्हलर या गाडीच्या सांगाड्यावर आज अनेक घरगाड्या घडविल्या जातात. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडी टेम्पो टेम्पोच राहिला.

अशी गाडी निगडीतून निघाली की तिला फार दूर जावे लागत नाही. देहूरोड, सोमाटणे फाटा, कामशेत असा जुन्या महामार्गाने प्रवास करून डावीकडे वळले की पवन मावळ सुरू होते. बेडशाची लेणी मागे पडतात आणि पवनानगर येते. गावकरी त्याला अजून काले कॉलनी म्हणतात. समोर धरणाचे पाणी पसरते आणि त्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले उभे राहतात. यांपैकी लोहगड हा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक होय. श्रावणात खाचरांत भात पोटरीला येत असतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ याच मातीत पिकतो. घरगाडीच्या खिडकीतून एवढे सारे दिसत असता कोणास मोह होणार नाही?

तथापि या खिडकीतून एक गोष्ट सहसा दिसत नाही. समोरचे पाणी हे देखाव्याचे पाणी नव्हे. ते निगडीच्या नळाचे पाणी आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे ते उचलले जाते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जाते. म्हणजे निगडीचा पर्यटक जेव्हा पवनेच्या काठी गाडी उभी करतो, तेव्हा तो आपल्याच घरातील नळाच्या उगमापाशी बसलेला असतो. तेथे जे तो पाण्यात सोडील, ते कमी-अधिक प्रमाणात त्याच्याच दारी परत यावयाचे आहे.

घरगाडीच्या बाबतीत हा केवळ अलंकारिक मुद्दा नाही. अशा गाडीत तीन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत भांडी घासल्याचे व आंघोळीचे सांडपाणी आणि तिसरीत, रसायन घातलेली, शौचालयाची घाण. पहिली टाकी भरावयाची तर नळ हवा. उरलेल्या दोन रिकाम्या करावयाच्या तर मैलावाहिनी किंवा बंदिस्त खड्डा हवा. हॉटेलातील पाहुण्याची घाण कोठे जाते याची चिंता हॉटेलवाल्याने करावयाची असते. घरगाडीवाल्याचे हॉटेल त्याच्याबरोबर असते, म्हणून ती चिंताही त्याचीच असते. सोय नसली की दोन-तीन दिवसांनी एखाद्या ओढ्याच्या काठी, रात्रीच्या अंधारात, या टाक्या मोकळ्या करण्याचा मोह होतो. मावळातला प्रत्येक ओढा अखेर पवनेला किंवा इंद्रायणीला जाऊन मिळतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांपैकी अनेक कुटुंबांचे पुनर्वसन पिढ्या उलटल्या तरी रखडलेले राहिले. पुढे धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याचे काम सुरू झाले. नदीतून वाहणारे पाणी नळीत गेले तर काठची शेती सुकेल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्यू पावले. त्यांत एक स्त्री होती. त्यानंतर ते काम दशकाहून अधिक काळ थांबले. शहराला गळती व प्रदूषण टाळून पाणी हवे होते आणि गावाला नदी वाहती हवी होती. दोन्ही मागण्यांत तथ्य होते, म्हणूनच त्या प्रसंगाचे दुःख अधिक. ज्या खोऱ्याने शहरासाठी एवढे दिले, तेथे शहराने सुटी घालविण्यासाठी जाताना पाहुण्याच्या पायरीने जावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

आजचे चित्र या अपेक्षेला धरून नाही. धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात, ध्वनिवर्धकांचा गोंगाट चालतो, पाण्याचा अंदाज न आल्याने तरुण बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. शेजारच्या इंद्रायणीवर कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. खोऱ्याची वाट, पूल आणि काठ किती माणसे पेलू शकतात, याचा हिशेब न करता चाललेले पर्यटन कोठे नेते, याचा तो धडा होता. या गर्दीत आणखी अवजड गाड्या घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे कोणी म्हटल्यास त्यास एकदम खोडून काढता येणार नाही.

आणि तरीही घरगाडीची बाजू अगदीच लंगडी नाही. हॉटेल बांधले की जमिनीवर काँक्रीट चढते, डोंगर कापला जातो आणि ती जमीन पुन्हा शेती होत नाही. घरगाडी सकाळी निघून जाते आणि जागा होती तशी उरते. मळणीनंतर रिकाम्या असलेल्या खाचरात जानेवारीपासून मेपर्यंत दहा गाड्या उभ्या राहिल्या, तरी जूनमध्ये तेथे पुन्हा तरवा टाकता येतो. शेतकऱ्याची जमीन विकली न जाता तिचे भाडे येते. धनिकाला सातबारा विकून त्याच्याच बंगल्यावर राखणदार म्हणून राहण्यापेक्षा ही मिळकत शतपट मानाची.

मात्र त्यासाठी शिस्त हवी. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांची गावे आपापल्या हद्दीत अशा गाड्यांसाठी जागा राखून ठेवतात. तेथे पाणी व वीज मिळते, टाक्या रिकाम्या करण्याची सोय असते आणि मुक्कामाचा आकार गावात राहतो. न्यूझीलंडने मोकळ्यावर मुक्काम करणाऱ्यांसाठी २०११ मध्ये कायदा केला आणि २०२३ मध्ये तो कडक करून गाडीत पक्के बसविलेले शौचालय असण्याची अट प्रमाणपत्रासाठी घातली. ज्या देशांना निसर्गाची कमाई कळली, त्यांनी आधी घाणीचा बंदोबस्त केला, हे लक्षात घ्यावयास हवे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाडीइतकाच गाडीतळाचा विचार आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु धोरण आणि धरणकाठ यांत अंतर पुष्कळ असते. पवन मावळात हे तळ कोणाचे असावेत, हा खरा प्रश्न आहे. ते बाहेरच्या भांडवलाचे झाले तर गावाच्या वाट्याला पुन्हा धूळच येईल. ते ग्रामपंचायतींनी आणि धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थांनी चालवावेत, प्रत्येक तळावरील गाड्यांची संख्या ठरलेली असावी, ते पाण्याच्या कडेपासून दूर असावेत आणि टाक्यांतील मैल्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने उचलावा. पाणी ज्याच्या नळाला येते, त्याने पाणलोट स्वच्छ ठेवण्याचा भार वाहावा, यात उपकार कसला?

शिक्षकाला किंवा कारकुनाला घरगाडीचे भाडे परवडणारे नाही, हेही खरे. पण असा तळ झाला तर एस.टी.ने येऊन तंबूत राहणाऱ्या कुटुंबालाही तोच नळ, तेच स्वच्छ शौचालय आणि गावच्या चुलीवरचा तोच इंद्रायणी भात मिळेल. सोय ही गाडीची किंमत पाहून होऊ नये.

दिंडीचा ट्रक ज्या गावी थांबतो, तेथे गावकरी वारकऱ्यांना पाणी देतात आणि वारकरी गावाला नमस्कार करून निघतात. यजमान आणि पाहुणा यांचे हे नाते निगडीचा रस्ता दरवर्षी पाहत आला आहे. त्याच रस्त्याने पवनेकडे निघणाऱ्या नव्या बिऱ्हाडांनी ते बरोबर नेले, तर खोऱ्याची दारे त्यांना उघडी राहतील.